डाव्या हाताला सतरा दारं

अण्णा, मी जहाजावर जाऊन आले. मालाच्या नव्हे, लढाईच्याही नव्हे. क्रूझ म्हणतात तसल्या. माझी साठी झाली म्हणून तुमच्या नातीनं घाट घातला होता. मुंबईहून निघायचं, तीन दिवस पाण्यात काढायचे आणि पुन्हा मुंबईलाच उतरायचं. कुठंही न जाण्यासाठी माणसं इतकी नटूनथटून निघतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्यापेक्षा पीएमटीत बसावं, शेवटच्या स्टॉपला जावं आणि त्याच बसनं परत यावं.

जहाज कसलं, पाण्यात सोडलेला मॉल. अकरा मजले, मधोमध काचेच्या लिफ्टा आणि सोनेरी कठड्यांचा एक भला मोठा जिना. त्या जिन्यावरून कुणी चढत नाही, नुसते उभे राहून फोटो काढतात. लाकूड दिसतं ते लाकूड नव्हे, संगमरवर दिसतो तो पत्र्यावर चिकटवलेला. आगीच्या भीतीनं खरं लाकूड वापरत नाहीत असं कळलं. तेवढ्यापुरता तुम्ही त्यांना एखादा मार्क दिला असतात. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, पण पडदा होता. चांगला गोंडे लावलेला, मखमली. तो बाजूला सारला की मागे भिंत आणि भिंतीवर समुद्राचं चित्र. अहो, बाहेर एवढा समुद्र पडलेला असताना आत समुद्राचं चित्र! तुमचे जावई तिन्ही दिवस सकाळी उठून तो पडदा उघडत होते आणि रात्री लावत होते. सुखात होते बिचारे.

लिफ्टमधल्या गालिच्यावर वार विणलेला असतो आणि तो रोज बदलतात. आज बुधवार, उद्या गुरुवार. खाऊन खाऊन लोकांना वार आठवेनासा होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सकाळी सातला खाणं सुरू, ते मिटायचं नावच घेत नाही. माणसं ताटात पास्त्यावर जिलबी घेऊन फिरत होती आणि कोथरूडचे एक गृहस्थ त्या डोंगराएवढ्या टेबलांसमोर उभे राहून 'चहा काही खास नाही हो' म्हणत होते. पोहण्याचा तलाव आपल्या क्वार्टर्सच्या गच्चीवरच्या टाकीएवढा, त्यात सगळी वऱ्हाडं उभी. पोहायला जागा नाहीच, नुसतं भिजायचं. खोलीत रोज पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. अंग पुसायला म्हणून मी त्याची सोंड उलगडायला गेले, तर तुमची नात ओरडली, "आई, थांब! फोटो!"

पहिल्या दुपारी सुरक्षेची तालीम होती. धोक्याचा भोंगा वाजला की कुठं जमायचं ते टीव्हीवर दाखवतात, मग तिथं जाऊन कार्ड मशीनला लावायचं, झालं. लोक हातात आइस्क्रीम घेऊन आले, कार्ड लावलं, गेले. मी मात्र तिथल्या माणसाला विचारलं, "हा रस्ता धुरानं भरला तर दुसरा कुठला?" तो सिंधुदुर्गातला निघाला. हसून म्हणाला, "काकू, तुम्ही कधी बोटीवर होतात काय?" मी म्हटलं, नाही, माझे वडील कारखान्याच्या अग्निशमन विभागात होते.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बिनसंकोच बोलले असेन. लहानपणी मला तुमची फार लाज वाटायची. सिनेमाला गेलो की सगळे आपापल्या खुर्चीत बसतात आणि तुम्ही मागचं दार ढकलून बघायला निघालेले. त्यावर लाल दिव्यात 'बाहेर जाण्याचा मार्ग' लिहिलेलं असायचं, तरी. "लिहिलंय लोकांसाठी," तुम्ही म्हणायचात, "दाराला कुठं वाचता येतं?" रविवारी खडकीच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आम्हा भावंडांना डोळे मिटायला लावून पलंगापासून मागच्या दारापर्यंत नेता आहात, हात भिंतीला, पावलं मोजत. आई स्वयंपाकघरातून म्हणते आहे, "अहो, पोरांना जरा खेळू द्या." तुम्ही म्हणता, "खेळतच आहेत." तुम्ही काय पाहिलं होतं ते कधी सांगितलं नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

माझ्या लग्नात कार्यालयाच्या मागच्या दारापाशी आचाऱ्यांनी बाकं आणि भांड्यांच्या ट्रंका रचल्या होत्या. तुम्ही धोतर सावरत एकेक ट्रंक बाजूला ओढायला लागलात. व्यवस्थापक आला. "अहो, इथं इतकी लग्नं झाली, मागचं दार कुणाला लागलं नाही." तुम्ही म्हणालात, "लागलं नाही म्हणून तर सांगतोय." वरपक्षाकडचे हसले. मी मुंडावळ्या बांधून बसले होते, तिथून उठून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, एक दिवस तरी कारखाना घरी ठेवून या. शोभतं का हे?" तुम्ही "बरं" म्हणालात. कन्यादानाला आलात, विधी पार पाडलात आणि पुन्हा दिसला नाहीत. जेवायच्या पंगतीत नाही, घराण्याच्या फोटोत नाही. गेली छत्तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की अण्णा माझ्या लग्नात रुसले होते.

जहाजावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सोनेरी जिन्यावर कुटुंबांचे फोटो काढायचे होते. मी पैठणी नेसले होते. खोलीतून निघताना मी डावा हात भिंतीला लावला आणि दारं मोजायला लागले. तुमची नात वैतागली. "आई, प्लीज, इथे तरी नको ना. सगळे बघतायत." मी "बरं" म्हणाले. म्हणाले आणि तो आवाज मला तुमचा वाटला. तिला म्हटलं, तुम्ही दोघं पुढं व्हा, मी आलेच.

मग मी मोजलं, डोळे मिटून, पैठणीसकट. खोल्यांबाहेरच्या बोळातल्या गालिच्यावर विणलेले मासे असतात, सगळ्यांची तोंडं जहाजाच्या नाकाकडे, म्हणजे आपण कुठल्या दिशेला चाललो ते कळावं. एवढी एक अक्कल त्या जहाजात आहे. पण धुरात मासे दिसत नाहीत. डाव्या हाताला सतरा दारं, मग एक जड दार. मला खात्री होती की त्याच्यामागे चादरींच्या गाड्या लावलेल्या असतील. त्या तोऱ्यातच मी ते ढकललं. ते सहज उघडलं. पलीकडे उघडं पोलाद, पांढरा रंग, मजल्यांचे मोठे आकडे, एक अरुंद जिना. ना गोंडे, ना चित्र. कुणीही काहीही अडवून ठेवलेलं नव्हतं. त्या सबंध तमाशात ती एक जागा कुणीतरी तुमच्यासारख्या माणसानं बांधली होती. मी तिथं पायरीवर बसले आणि रडले, अण्णा. बराच वेळ.

परतले तेव्हा सोनेरी जिन्यापाशी मोठी रांग खोळंबली होती. फोटोग्राफर घड्याळ बघत होता, मागची मंडळी कुरकुरत होती. तुमचे जावईसुद्धा म्हणत होते, "काढून घेऊ गं, तिचा नंतर काढू." आणि ती पोरगी, मघाशी माझी लाज वाटलेली, कठड्याला धरून उभी होती. "नाही. माझी आई आल्याशिवाय फोटो निघणार नाही." मला पाहून एवढंच म्हणाली, "किती दारं झाली?" मी म्हटलं, सतरा.

तो फोटो आता घरी टीव्हीशेजारी आहे. माझे डोळे लाल दिसतात. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला ते मिळणार असतं तर पुढचं मी लिहिलं असतं की नाही, याचीही खात्री नाही. तुम्ही रुसला नव्हतात. तुम्ही हटवलेल्या ट्रंका आचारी परत रचतील म्हणून कार्यालयाचं ते मागचं दार उघडं धरून तुम्ही उभे होतात, पंगती उठेपर्यंत, उपाशी. लग्नातल्या त्या फोटोच्या वेळी मला तुमची टोपी त्या दाराशी स्पष्ट दिसत होती. फोटोग्राफरनं विचारलं होतं, "मुलीचे वडील यायचेत ना?" मी म्हटलं, "काढा तुम्ही."