गल्लीच्या तोंडाशी शेंदूर

३ नोव्हेंबर, सोमवार

ट्रक परत दाराशी. दार उघडलं तर समोर चाक. सडा टाकला तो चाकावरच गेला. चुकून गेला. नाही – मुद्दामच टाकला.

हेमराज वर केबिनमधून वाकून म्हणतो, "काऊन वो काकू, टायरले आंघोळ घालून राह्यल्या?"

घर त्याचं आमच्या समोर. खाणीतला कोळसा वाहतो आणि रिकामी गाडी घरी आणतो. बारा चाकं. गाडी उभी असली की बाजूनं माणूस आडवा होऊन जातो. खाट जात नाही. हे मला चांगलं माहीत आहे.

म्हटलं, "या गाडीपायी माझ्या घरचा माणूस गेला. थोडी लाज ठेव."

"मी मारलो का देवरावकाकाले? त्यायचं हार्ट गेलं."

७ नोव्हेंबर

यांना जाऊन या महिन्यात वर्ष होईल. लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात कमी फिरेल.

दुपारी छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. ट्रक आडवा. हेमराज कुठे गेला, चावी कुठे ठेवली, ते त्याच्या बायकोला, पुनमलाही माहीत नव्हतं. शेवटी चौघांनी खाट उचलली आणि मागच्या वावरातून, धानाच्या बांधावरून फिरवून नेली. बांध ओला होता. पाय घसरत होते. हे माझ्याकडे बघत होते. राजुऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

ती खाट परत आणली तेव्हापासून भिंतीला उभी करून ठेवली आहे. मी खालीच निजते.

१२ नोव्हेंबर

पंचायतीत गेले होते. बाहेर काचेच्या पेटीत नियम लावला आहे, तो उभ्यानं पूर्ण वाचला. मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. हे हसायचे, "पुडी सोडायच्या आधी वाचून घेते, साखर तशीच हातात." तर नियम असा – निवासी वस्तीत जड मालवाहू वाहन चालवण्यास व उभे करण्यास मनाई. किती सोपा आहे. पुडीवरची जाहिरात याहून अवघड असते.

आत प्रफुल बाबू होता. म्हणाला, "नियम हाय न बाई. तुमच्या गल्लीले बोर्डबी लावला."

"त्या बोर्डावर हेमराज टॉवेल वाळत घालतो."

"टॉवेल काढाचा नियम नाई आमच्याकडं." आणि हसला. बाजूचाही हसला.

दंड कोण करेल विचारलं. म्हणे ते पोलिसांचं काम. ठाण्यात गेले, म्हणे ते पंचायतीचं. दोन्हीकडे बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी प्यायले आणि आले.

१३ नोव्हेंबर

आज बोर्डावर टॉवेल आणि चड्डी.

१८ नोव्हेंबर

वर्ष झालं. पान वाढलं. कावळा लवकर आला. हे जेवायला कधी इतके लवकर येत नसत.

मग एक काम केलं. इकडे जंगलात वाघानं माणूस मारला की त्या जागी दगड ठेवून शेंदूर लावतात. तो दगड मग कोणी हलवत नाही, फॉरेस्टवालेही नाही. म्हटलं, माझाही माणूस मारलाच गेला. घरचा पाटा उचलला. तसाही रिकामाच पडून होता, एकटीसाठी कोण मसाला वाटतं? सगळे कापूस वेचायला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी अगदी मधोमध, जिथे ॲम्ब्युलन्स थांबली होती तिथे ठेवला. तेलात कालवून शेंदूर थापला. झेंडूची दोन फुलं.

संध्याकाळी बायांनी विचारलं. सांगितलं, स्वप्नात दृष्टान्त झाला. खोटं बोलले. वाईट वाटत नाही.

१९ नोव्हेंबर

हेमराज गाडी घेऊन आला. दगड पाहिला. खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले. मग गाडी मागं घेत घेत गेला! खिडकीतून सगळं पाहिलं. दंड नाही, पोलीस नाही, माझा पाटा.

२७ नोव्हेंबर

माझी अक्कल कुठे गेली होती? शेंदूर पाहून थांबणारा माणूस कोण, तर ट्रकवाला! जंगलात शिरण्याआधी हेच लोक दगडापुढे गाडी थांबवतात, नारळ फोडतात, तेव्हा कुठे पुढे जातात. लहानपणापासून पाहत आले. आणि मी त्यांनाच अडवायला शेंदूर लावला.

आधी हेमराजची एकच गाडी होती. आता खाणीच्या वाटेवरची सगळीच. येता हॉर्न, जाता हॉर्न. गल्लीच्या तोंडाशी रांग, करवंट्या, अगरबत्तीचा धूर, आणि धुराहून जास्त डिझेल. सुकलू नावाचा एक ड्रायव्हर मला म्हणतो, "लय जागृत हाय बाई. परवा ब्रेक फेल होता होता वाचलो."

मी म्हटलं, "ब्रेक दुरुस्त कर."

"करतो न. पण देवबी पाहिजे."

५ डिसेंबर

सुकलूनं विटा आणून दगडाभोवती ओटा बांधला. सिमेंट पंचायतीच्या नालीच्या कामातलं. प्रफुल बाबू उभा राहून बघत होता. नमस्कार करून गेला.

पुनम रोज सकाळी तिथे पाणी घालते. दिवस भरत आले आहेत तिचे. पोट सांभाळत वाकते, हळू उठते. माहेर मुलचेऱ्याकडे, पण आई नाही, म्हणून इथेच आहे. माझ्याकडे बघून हसते. मी बघत नाही. वर्षाआधी चावी शोधताना नुसती दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. मला तेवढंच आठवतं.

२० डिसेंबर

हात दुखतो आहे, तरी लिहिते.

सकाळी पुनमच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाणी गेलं. हेमराज गाडीवर. कोणीतरी फोन केला, ॲम्ब्युलन्स आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. त्याच जागी. समोर ओटा. ड्रायव्हर म्हणाला, "देवावरून चाक नाई घालत मी." ओटा फोडायला कोणी पुढे येईना. सुकलू तिथेच होता. हात मागं बांधून म्हणाला, "मले लेकरं हायत बाई."

इकडे पुनम ओरडत होती. तिला चालवेना. कोणी म्हणालं, खाटेवर टाका, वावरातून फिरवून नेऊ.

वावरातून म्हटल्याबरोबर मी उठले. घरातून लोखंडी सब्बल आणली. बाया माझा हात धरायला लागल्या. मी ओरडले, "देव नाई तो. माया घरचा पाटा हाय. मीच ठेवला." कोणाला खरं वाटलं नाही. म्हणाल्या, अंगात आलं. मग आलं असेल. विटा उखडल्या, पाटा उचलून नालीकडे टाकला. गाडी आत आली.

पुनमवर दया आली म्हणून नाही केलं. त्या बांधावरून परत कोणाची खाट जाऊ द्यायची नव्हती.

२१ डिसेंबर

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत म्हणे.

पाटा घासला. शेंदूर निघत नाही.

२४ डिसेंबर

ट्रक परत दाराशी! हेमराज म्हणतो, "देव गेला, मंग आता काय अडचण?"

म्हटलं, "परवा तुझीच बायको अडकली होती."

"गेली न दवाखान्यात? झालं न बरं?"

बोर्डावर आता बाळाचे लंगोट वाळत आहेत.

२९ डिसेंबर

पुनम आली होती. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो, तरी आली, ट्रकच्या बाजूनं आडवी होऊन, लेकरू छातीशी दाबून. बस म्हटलं नाही. तीच भिंतीला टेकून उभी राहिली, त्या खाटेच्या बाजूला.

"काकू, तो खरंच पाटा होता?"

"होय."

"मी त्याले नवस बोलली होती. हिच्यासाठी. आता कोठं फेडू?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. पाटा चुलीजवळच होता, लाल. तिनं पाहिला. मग म्हणाली, "त्या दिवशी चावी नाई सापडली मले. रोज आठवते." आणि गेली.

२ जानेवारी

सकाळपासून हॉर्न. दारात येऊन पाहिलं. पुनम गल्लीच्या तोंडाशी, ओटा होता त्या जागी, खाट टाकून बसली आहे. लेकरू मांडीवर. समोर, गल्लीबाहेर, हेमराजचा ट्रक, नाक तिच्या खाटेला लागलेलं. तो ओरडतो, "उठ न वो, लोक पाहून राह्यले."

ती म्हणाली, "नवस फेडून राह्यली."

भिंतीची खाट खाली घेतली. जड वाटली. तिच्या खाटेला लावून टाकली आणि बसले.