व्हायोलिनची सुटी तार

लातूर,
१२ फेब्रुवारी

प्रिय अनय,

पाकिटात या कागदांबरोबर एक छोटी पुडी आहे. पत्र वाचून होईपर्यंत ती उघडू नकोस. तुला काही सांगितलं की तू नेमकं उलट करतोस हे मला माहीत आहे, तरीपण. वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे आपण गेली कित्येक वर्षं एकमेकांना काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर पाहून तू आधी दचकला असशील आणि मग हे सोम्याचेच कोंबडीचे पाय म्हणून हसला असशील. हसून घे. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

येत्या एप्रिलात नांदेडच्या त्या संध्याकाळला नऊ वर्षं होतील. त्या दिवसापासून तू व्हायोलिन हातात घेतलं नाहीस आणि ते माझ्यामुळे, हे सांगायला मी बसलोय. आडवळणं घेत सांगेन, कारण सरळ सांगायला गेलो की माझी जीभ अडखळते हे तू शाळकरी पोरांच्या फिजिक्सच्या गाइडांवर पाय ठेवून बसल्या बसल्या कितीदा पाहिलं आहेस.

तू शिकवायचास त्या क्लासची ती खोली अजून आहे. परवा तिथून गेलो. भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता तोच आहे, फक्त एक कोपरा फाटलाय. रविवारी दुपारी नीट परीक्षेची पोरं गेली की आपण बाकं भिंतीला लावायचो आणि रेणुकादास सर हार्मोनियमची पेटी टेबलावर ठेवायचे. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं दरबारी संगीत, बरोक, आणि ते वाजवणारे कोण, तर नांदेडच्या मास्तरांचा मुलगा, म्हणजे तू, व्हायोलिनवर, लुंबिनी लाकडी उभ्या बासरीवर, हार्डवेअरच्या दुकानातला लिंगायताचा पोरगा, म्हणजे मी, गुडघ्यांत धरायच्या मोठ्या चेलोवर, आणि ज्या वाद्याचं नाव घेताना आपल्याला दात सांभाळावे लागायचे त्या हार्पसिकॉर्डच्या जागी सरांची भजनाची पेटी. गल्लीतले लोक आपल्याला चौघडा म्हणायचे. सरांना ते नाव आवडायचं, हे त्यांनी आपल्याला कधी कळू दिलं नाही. तो जुना सूर आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली असतो म्हणून ते पेटीवर एक पट्टी खाली वाजवायचे आणि चुकले की पेटीलाच रागवायचे. हैदराबादला तरुणपणी एका चर्चमधल्या व्हायोलिनवाल्याकडून ते जे शिकले, ते कुणाला तरी द्यायचं म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली आणि त्यांच्या वाट्याला आपण आलो.

आता तारांची गोष्ट. धातूच्या तारेला घसा नसतो असं सर म्हणायचे आणि जुन्या पद्धतीच्या तारांवर हट्ट धरायचे. त्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात. तुला त्याचं काही वाटायचं नाही. तुमच्या घरी देवाला दिवा लावून तू बाहेर आम्लेट खायचास. आमच्या घरी अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. आई उदगीरची, तिच्या माहेरी लसूण वाटलेला पाटासुद्धा वेगळा असायचा. तिनं एकदा चेलोच्या तारेला हात लावून विचारलं की हे कशाचं, तर मी बेधडक रेशमाचं म्हणालो. रेशमाच्या किड्याचं तिला वाईट वाटलं, पण तेवढं तिनं चालवून घेतलं. तेव्हापासून चेलो मी तुझ्या क्लासच्या खोलीतच ठेवायला लागलो, ओझं होतं म्हणून नव्हे. तुझ्याएवढ्या जवळच्या माणसालाही मी हे सांगितलं नाही, कारण तू चिडवशील याची मला भीती होती.

नांदेडच्या कार्यक्रमाआधीच्या गुरुवारी तालमीनंतर तू लुंबिनीबरोबर चहा सांगायला खाली गेलास. तुझ्या व्हायोलिनच्या पेटीच्या छोट्या कप्प्यात सुटी तार असायची, कागदात गुंडाळलेली, एकच. ती मी घेतली. चोरायला नाही रे. दुकानात जाडी मापायचं माझं ते मायक्रोमीटर आहे ना, त्यावर ती मापून तशीच नायलॉनची किंवा कशाचीही बिनपापाची तार कुठे मिळते का ते बघायचं होतं मला. म्हणजे मग घरी खोटं बोलायला नको. शुक्रवारी मापायची आणि संध्याकाळी गुपचूप परत ठेवायची, एवढाच बेत. विचारून घेतली असती तर तू हसत दिली असतीस. पण मग का हवी ते सांगावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात आईच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा झिजला होता. तुला आठवत असेल, चांदीच्या डबीत इष्टलिंग आणि ती डबी गळ्यात, आंघोळ करतानाही न काढता. दोरा तुटून लिंग पडलं तर आमच्यात त्याहून वाईट काही नाही. चार दिवस ती मला सांगत होती की बाजारातून मजबूत दोरा आण, आणि मी चार दिवस हो हो करत विसरत होतो. शुक्रवारी तिनं माझी पँट धुवायला घेतली. खिशात कागदाची पुडी आणि पुडीत लोण्याच्या रंगाची, गुळगुळीत, चांगली लांब दोरी. तिला काय वाटणार?

शनिवारी सकाळी ती पूजेच्या खोलीतून कपाळाला विभूती लावून बाहेर आली. पदर बाजूला करून मला दाखवत म्हणाली, "सांगितलं न्हाईस, पन इसरला न्हाईस. लई मजबूत हाय रे दोरा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अनय. बाबा गेल्यापासून मी तिचं एकही काम न सांगता केलेलं नव्हतं. मी फक्त मान डोलावली. तेव्हा बोललो असतो तर तिला सांगावं लागलं असतं की तुझ्या देवाला मी मेंढीच्या आतड्यात बांधलंय आणि दोरा मी आणलेलाच नाही. यातलं तिला कुठलं जास्त लागलं असतं ते मला आजही माहीत नाही.

मग मी स्वतःची समजूत घातली की तार तुटणार नाही. उरले होते दोनच दिवस. लातूर ते नांदेड जीपमध्ये तीन तास मी तुझ्या शेजारी बसलो होतो. अहमदपूरला आपण उतरून उसाचा रस प्यालो. तू वारा लागू नये म्हणून व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसला होतास आणि दर अर्ध्या तासानं बोटाला तेल लावून तारा पुसत होतास. पहिल्यांदाच तुझे बाबा तुला ऐकायला येणार म्हणून तू भलतंच बडबडत होतास. तीन तास मला मिळाले होते. आतल्या आत मी वाक्य जुळवत होतो, आणि लोह्याच्या पुढे गेल्यावर तेही सोडलं.

बाकीचं तुझ्यासमोरच घडलं. दुसऱ्या रचनेच्या, त्या सोनाटाच्या, संथ भागात, एप्रिलच्या त्या उन्हाळ्यात, तार तुटली. तू शांतपणे पेटी उघडलीस, कप्पा उघडलास, मग रुमाल काढलास, मग सगळंच बाहेर काढलंस. पहिल्या रांगेत तुझे बाबा मान पुढे काढून बघत होते. तू माझ्याकडे वळून हळूच विचारलंस, "सोम्या, तू पाहिलीस का रे?" आणि मी म्हणालो, "नाही."

सर हार्मोनियमवरून उठून आले. ते कधीच कुणाला चारचौघांत बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "तीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली, आणि तुला एक तार सांभाळता आली नाही." तुझे बाबा उठून निघून गेले. लुंबिनीनं आणि सरांनी कसाबसा वीस मिनिटांत कार्यक्रम आटोपला. परतीच्या जीपमध्ये तू नव्हतास. पुढच्या महिन्यात क्लासची नोकरी सोडून तू हैदराबादला गेलास आणि व्हायोलिन लुंबिनीकडे ठेवून गेलास, ठेव म्हणालास, वाजव नाही म्हणालास. आपल्या चौघांची एकही तालीम त्यानंतर झाली नाही. लोकांनी विचारलं की मी सांगायचो, अनय गेला ना, मग कसलं काय. सगळं तुझ्या माथी मारायला मला तेवढं एक वाक्य पुरलं.

यातला सगळ्यात वाईट भाग अजून राहिला आहे. तू येईनासा झालास तसं आईनं विचारायला सुरुवात केली. धपाटे केले की तुझा घास वेगळा काढायची, तिची सवय. एकदा मी सांगून टाकलं की नांदेडला असं असं झालं, त्याची तार हरवली, सर बोलले, म्हणून तो गेला. बोलता बोलता गळ्यातल्या दोऱ्यावरून हात फिरवायची तिला सवय होती. तसा हात फिरवत म्हणाली, "एवढा हुशार पोरगा. एक दोरा सांभाळता आला न्हाई त्याला." मी तिच्यासमोर बसून ते ऐकलं. जेवलोही.

नऊ वर्षं तिनं तो दोरा घातला. रोज आंघोळीनंतर खोबरेल तेलाचं बोट त्यावरून फिरवायची, तू फिरवायचास तसंच. मी अनेकदा ठरवलं की नवा दोरा आणू आणि काही न बोलता बदलून देऊ. पण "तुझा दोरा अजून नवा हाय रे" असं ती कौतुकानं म्हणायची आणि माझा हात तिथंच थांबायचा. गेल्या दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली. मास्तरांच्या पोराला बोलव, त्याचं ते वाद्य एकदा ऐकव, असं तिनं दोनदा सांगितलं. मी म्हणालो तो फार कामात असतो. तुला फोन लावला असता तर तू आला असतास, हे मला माहीत होतं. म्हणूनच लावला नाही.

आई सत्तावीस जानेवारीला सकाळी गेली. आमच्यात बसवून पुरतात, हे तुला बाबांच्या वेळेस पाहून माहीत आहे. विधी करणारे स्वामी तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. माझी बहीण शिवकांता म्हणाली, दादा, तिचा आवडता दोरा आहे, राहू दे. मी खिशातून पांढरा सुती दोरा काढला. तिनं चार दिवस सांगितलेला दोरा मी त्या दिवशी सकाळी गंजगोलाईच्या बाजारातून आणला होता, नऊ वर्षांनी. तो माझ्या हातानं बांधला आणि जुना सोडवून घेतला. सगळं झाल्यावर शिवकांताला खरं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. मग सरांकडे गेलो. ते आता कॉटवरच असतात. ऐकून म्हणाले, "अनयला सांगितलंस?" मी म्हणालो, आधी तुमच्याकडे आलो. तोंड भिंतीकडे करून ते म्हणाले, "मग इथं कशाला बसलायस?" म्हणून हे लिहितोय. आता पुडी उघड. त्या शुक्रवारी मापायची राहिलेली जाडी काल दुकानात मापली. दोन जागी झिजली आहे, गाठीपाशी काळी पडली आहे, वाजवायला चालणार नाही. तशीच नवी तार मागवून लुंबिनीच्या पत्त्यावर पाठवायला सांगितली आहे, तुझं व्हायोलिन तिथंच आहे. ती लावायची की नाही ते तुझं तू ठरव, मला काही कळवलं नाहीस तरी चालेल. पण ही जुनी हातात घेऊन एकदा बघ. तुझ्याकडून काहीच हरवलं नव्हतं, अनय.

अजूनही म्हणू देशील तर तुझाच,
सोमेश