शेवटचा कोपरा

दिघी,
शनिवार

प्रिय केयूर,

तुझा कालचा संदेश मी दोनदा वाचला. तू इंग्रजीत लिहिलं आहेस की ही माणसं मला ‘ड्रेन’ करताहेत, म्हणून वर्ग लगेच बंद करावा आणि सोमवारच्या ऑपरेशनपर्यंत आवाज जपून ठेवावा. तुझी काळजी पोहोचली. पण अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला तू चुकीचं क्रियापद पाठवलं आहेस. ते दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही. आईला सवय आहे असं समज आणि वाच.

संपणं एकच असतं, पण इंग्रजीत ते सांगायला किती निरनिराळे शब्द आहेत, हे पाहिलं की मला आजही नवल वाटतं. मराठीत आपण सगळ्याला ‘संपलं’ म्हणतो आणि उरलेलं सुरावरून समजून घेतो. इंग्रजी माणूस आधी चौकशी करतो : कशानं संपलं, कुणी संपवलं आणि त्यातून काय झालं? आपल्या सोसायटीची बोअर दर उन्हाळ्यात हळूहळू खाली जाते आणि मे महिन्यात टँकर येतो, ते ‘डिप्लीट’. चाकणच्या चौकात दोन तास गाडी अडकते आणि नेमकं तेव्हाच पेट्रोल जातं, ते ‘रन आऊट’. (हे शिकवताना शालनबाईंनी विचारलं होतं, “म्हणजे पाहुणे आल्यावर माझा गॅस धावबाद होतो, तेच ना बाई?” वर्ग पाच मिनिटं हसत होता. त्यानंतर तो शब्द कुणी विसरलं नाही.) हाती आलेलं उधळून टाकलं, तर ‘स्क्वॉन्डर’. आणि टाकीच्या तळाचं बूच दुसऱ्यानंच काढलं, पाणी वाहून गेलं, टाकीला कुणी विचारलंही नाही, तर ‘ड्रेन’. तुझ्या शब्दातली गोम इथे आहे. त्यात मी टाकी होते आणि माझे विद्यार्थी चोर.

ते कोण आहेत, हे तुला नीट ठाऊक नाही. तू येतोस रविवारी आणि वर्ग भरतो सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहाला, आपल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. शालनबाई बीडहून आलेल्या. निघोज्याला एका कारखान्यात पॅकिंगवर आहेत आणि खोक्यांवरच्या सूचना स्वतः वाचता याव्यात, एवढ्यासाठी इंग्रजी शिकतात. समाधान तुमच्याच हिंजवडीच्या कंपन्यांची कॅब चालवतो. आणि कोंडीराम इथलेच, दिघीचे. त्यांची बावीस वर्षं भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर पडणाऱ्या ठोक्यांशेजारी गेली. पहिल्या दिवशी ते कानामागे हात धरून म्हणाले, “बाई, जरा जोरात बोला. प्रेस बंद झाली तरी माझ्या कानात चालूच हाय.” मी जोरात बोलले. चार वर्षं जोरातच बोलते आहे. ‘त्या बहिऱ्यासाठी ओरडून तू घसा घालवलास’, असं तू गणपतीत म्हणालास. तेव्हा तुझी आई, ही चित्रा जोशी, पहिल्यांदा स्वतःच्या मुलाला उत्तर न देता स्वयंपाकघरात निघून गेली. उत्तर आज देते आहे.

त्यासाठी तुझ्या बाबांकडे जावं लागेल. प्रभाकर जोशी कारखान्यात टूल स्टोअर सांभाळायचे, एवढं तुला माहीत आहे. त्यांच्या खिडकीचा नियम माहीत नसेल. लेथवर धातू कापते ती नखाएवढी चौकोनी टिप असते, तिला चार कोपरे. एक कोपरा बोथट झाला की टिप फिरवायची आणि दुसरा वापरायचा. जुनी टिप जमा केल्याशिवाय नवी मिळत नसे, आणि ती जमा करून घेण्याआधी बाबा डोळ्याला भिंग लावून चारही कोपरे पाहायचे. एखाद्याने तीनच वापरून आणली, तर टिप परत त्याच्या हातात. “भावा, एक कोपरा शिल्लक आहे. काम बाकी असताना चांगली धार भंगारात टाकायची नाही.” लोक वैतागायचे, मागून ‘कोपरेशेठ’ म्हणायचे. आणि चारही कोपरे झिजलेली टिप आली, की बाबा ती क्षणभर तळहातावर ठेवून मगच डब्यात टाकायचे. मी एकदा त्यांना हसले होते. ते म्हणाले, “हिनं किती पोलाद कापलंय, ते हिलाच माहीत.”

त्या टिपेला शोभणारं क्रियापद ‘यूज अप’. वापरून वापरून पूर्ण करणं. त्यात गळती नाही, चोरी नाही, उधळपट्टी नाही. वस्तू जाते आणि तिच्या जागी झालेलं काम उभं राहतं.

आता सोमवारचं. मी तुला गाठ म्हणाले होते. गाठच आहे, पण ती कर्करोगाची आहे आणि स्वरयंत्रावर पसरली आहे. सोमवारी डॉक्टर गाठ काढणार नाहीत, स्वरयंत्रच काढणार आहेत. त्यानंतर मी गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेईन. जगण्याची आशा चांगली आहे, असं ते म्हणतात, आणि मला जगायचं आहे. मात्र ज्या आवाजात मी तुला हाक मारली, तो परत येणार नाही. जोरात बोलल्याने हा रोग होतो का, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. तेव्हा कोंडीरामांना दोष देणं आजपासून बंद. हे मी तीन आठवडे लपवलं, ही माझी चूक. तुला कळल्याशिवाय मला ऑपरेशनला घेणार नाही, अशी डॉक्टरांनी अट घातली आहे, म्हणून हे पत्र समाधानच्या हाती तुझ्या दारात पाठवते आहे. लपवलं कशासाठी, तेही सांगते. तुला कळलं असतं, तर तू येऊन मला गप्प बसवलं असतंस आणि मी तुझ्यासाठी गप्प बसलेही असते.

तू जपून ठेवायला सांगत होतास, पण ठेवायला पुढे जागाच नव्हती. माझा एक कोपरा शिल्लक होता. काल सकाळपासून घशातून जेमतेम अर्ध्या तासाचा आवाज निघेल, असं जाणवत होतं. तुला फोन करावा की वर्ग घ्यावा? फोन हातात घेतला होता, केयूर. मग खाली ठेवला आणि गच्चीचा जिना चढले. तुझ्याकडे माझ्या आवाजाचा बेचाळीस वर्षांचा साठा आहे. कोंडीरामांकडे चारच वर्षांचा, तोही अर्धवट ऐकलेला. मी हीच सगळी क्रियापदं शिकवली. प्रत्येकाकडून एकेक वाक्य म्हणवून घेतलं. कोंडीरामांचं वाक्य बहुधा आळंदी रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. सात वाजायच्या आत माझा आवाज बसला. मी फळ्यावर ‘शाबास’ लिहिलं.

सोमवारी सकाळी सातला गाडी घेऊन ये. रडायचं असेल तर येण्याआधी रडून घे, आणि येताना खडूचा खोका आण. दोन महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू होईल. मी फळ्यावर लिहीन, शालनबाई मोठ्याने वाचतील आणि फळ्यावरचा माझा एकही शब्द कोंडीरामांच्या कानांपाशी अडणार नाही. नातेवाईक विचारतील, तेव्हा क्रियापद सांभाळ. आईचा आवाज गेला, असं म्हणू नकोस. आईने वापरला, असं सांग.

तुझीच,
आई