उलानबातरचा क्लब

४ फेब्रुवारी २०२५

मंगोलियातून मेल! उलानबातरच्या एका क्लबला बायकांच्या बास्केटबॉल लीगसाठी पॉइंट गार्ड हवी आहे. एका सीझनचा करार. अट एकच — गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पूर्ण मॅचचा व्हिडिओ पाठवा.

ऑपरेशननंतर मी एकही मॅच खेळलेली नाही.

बाबांना सांगितलं. जन्मभर बोटीवर होते, जग बंदरांवरून ओळखतात.

"बंदर कंचा?"

"बंदर नाही. समुद्रच नाही तिथं."

"मग जातंस कशाला?"

विषय संपला.

५ फेब्रुवारी

आईने मोबाईलवर मंगोलिया बघितला. पापण्यांवर बर्फ जमतो. शिवाय घोडा खातात. "सुके बांगडे देईन गो बांधून. पण जायलाच हवं का?"

मुंबईला ऑफिसच्या टीमने यंदा माझं नाव घातलं नाही. वय बत्तीस, त्यात हा गुडघा. दुसरं कुणी बोलावलेलं नाही. जायलाच हवं.

९ फेब्रुवारी

मिरजोळ्याला प्रॅक्टिस. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही. उजवीकडे वळले की गुडघा कट्‌ करतो. दुखत नाही, नुसता बोलतो.

बाबा पास द्यायला आले — न सांगता! धक्क्यावर दोर फेकावा तसा बॉल फेकतात. छातीवर वळ.

१४ फेब्रुवारी

शाळेत पहिल्यांदा बॉल हातात दिला तो नितेश सरांनी. मॅचही तेच लावतायत. म्हणाले, "समोर अडवणारं कुणी खमकं हवं. नाहीतर लग्नाचा व्हिडिओ वाटेल." सावर्ड्याची सानवी आहे म्हणे, कॉलेजात. कुणाला पुढे जाऊ देत नाही.

"आणा की तिला," मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं.

१६ फेब्रुवारी

गुडघ्यावर बर्फ. जेवताना आईने पाय ठेवायला पाट सरकवला.

२३ फेब्रुवारी

मॅच झाली. ऋतिकावहिनीने मोबाईल काठीला बांधून सगळी टिपली.

सानवी आधी पाया पडली. "ताई, तुमच्या मॅचेस बघून शिकले मी." मग जी चिकटली ती सुटेचना. पहिल्या हाफमध्ये मी उजवीकडे वळले, गुडघा बोलला, तोवर ती बॉल घेऊन पलीकडच्या रिंगखाली! परत एकदा तसंच. सर पाण्याची बाटली देताना माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या हाफमध्ये लक्षात आलं — पोरगी डोळे वाचते. मग डोळे एकीकडे, बॉल दुसरीकडे. आमची दीपा मोकळीच उभी होती, ती बास्केट करत गेली. थोडक्यात जिंकलो. ऑपरेशनपासून पहिल्यांदा असं झालं, की धावताना गुडघा आठवलाच नाही.

मॅच संपल्यावर सानवी तिथंच. "ताई, तो पास कसा टाकलात?" दाखवला. तिसऱ्या वेळेला तिला जमला. मला शिकायला एक पावसाळा लागला होता.

येताना रिक्षात बाबा म्हणाले, "पोर चांगली खेळली."

"कोण? मी?"

"दोघीपण."

२४ फेब्रुवारी

व्हिडिओ पाठवला. कापाकापी न करता, पहिल्या हाफसकट. वहिनी म्हणाली, वेडी आहेस. त्यांना पूर्ण मॅच हवी होती.

२७ फेब्रुवारी

बाबांनी ट्रंकेतून कोट काढला. कुठल्याशा रशियन बंदरात घेतलेला. डांबरगोळ्यांचा वास. "घालून बघ." बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि मी घरापुढच्या खळ्यात अस्वल होऊन उभी. आईने फोटो काढला. घाम पुसून परत एक काढला.

बाबा म्हणाले, बाह्या आखूड करायला हव्यात. म्हणजे जा म्हणाले.

३ मार्च

क्लबचं उत्तर आलं. व्हिडिओ पूर्ण बघितला, फार आवडला. मला अडवत होती त्या मुलीचा नंबर हवा आहे.

मेल सकाळी आला. नंबर संध्याकाळी पाठवला.