काचेआडचे दोन मासे

ट्यूनिस, ४ एप्रिल १९९३

ती. मबरूकाताईस,
धाकटीचा सलाम. वि. वि.

आई गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसानंतर आपण एकमेकींना दोन ओळीही लिहिल्या नाहीत. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे फाडशील, अशी भीती वाटते. फाडू नकोस. आईचा लग्नातला पोशाख सापडलाय!

काल माझ्या उन्सच्या शाळेची सहल जुन्या शहरातल्या पोशाखांच्या संग्रहालयात गेली. सोबत म्हणून मीही गेले. नवऱ्यामुलींच्या दालनात काचेआड महदियाचा एक जरीचा पोशाख होता. छातीवर समोरासमोर दोन मासे, आणि डाव्या माशाला शेपटीच्या जागी चंद्रकोर. ताई, ती शेपूट तू लहानपणी कात्रीने उडवली होतीस आणि भोक झाकायला आईने वर चंद्रकोर भरली होती! मी अशी ओरडले की पहारेकरी धावत आला. उन्स लाजून मैत्रिणींच्या मागे लपली.

खालच्या पाटीवर आईचं नाव आहे, तिची भेट म्हणून. म्हणजे आई गेल्यावर तिची पेटी रिकामी निघाली, ती तूही उपसली नव्हतीस आणि मीही नाही. तिने तो का दिला, ते संग्रहालय सांभाळणाऱ्या जुन्या शेदलियाबाईंना ठाऊक आहे म्हणतात. त्या येत्या शनिवारी भेटतील. मी एकटी जाणार नाही. राग बरोबर घेऊन ये हवं तर, पण ये.

उन्सचा मावशीला पापा. लोभ उरला असेल तर असू दे, नसेल तर नव्याने धर.
तुझी वसीला


महदिया, ८ एप्रिल

चि. वसीलास,
अ. आ. वि. वि.

पत्र फाडलं नाही. वाचता वाचता तव्यावरचे मासे मात्र करपले. तुझ्या भाओजींनी ते निमूट खाल्ले, कारण मी एकाच वेळी हसत आणि रडत होते, आणि अशा बाईला काही बोलायची त्यांची छाती नाही.

इतकी वर्षं मी शेजारणींना सांगत आले, की ट्यूनिसवालीने पोशाख आपल्या लेकीसाठी दडवलाय. आता कुठल्या तोंडाने पाण्यावर जाऊ? माझ्या नाजियाचं उन्हाळ्यात लग्न. तिला आजीचाच पोशाख घालायचा हट्ट, म्हणून तर मी तुझ्यावर जास्तच जळत होते. आणि शेपूट मी कापली खरी, पण कात्री कोणी आणून दिली होती ते आठव.

पहिल्या गाडीने येते. तेलाचा डबा आणतेय, तुमच्या शहरातल्या तेलाला ऑलिव्हचा वासही नसतो. माझ्याआधी आत पाऊल टाकलंस तर बघ.

उन्सला गोड पापा. तुझ्यावरची माया कुठे गेली नव्हती, फक्त रुसली होती.
तुझी ताई


ट्यूनिस, १६ एप्रिल

चि. नाजियास,
मावशीचे अ. आ. वि. वि.

तुझी आई सुखरूप आहे, पण शनिवारी तिने संग्रहालय डोक्यावर घेतलं. काचेसमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ही आमची आई, असं सांगत सुटली. परदेशी पाहुणे बिचारे पोशाखाला मान लववून गेले!

शेदलियाबाईंना तुझी आजी लख्ख आठवते. डोळे दाखवायला ती माझ्याकडे आली होती, तेव्हा एक दिवस एकटीच बोचकं घेऊन तिथे पोचली. त्यांनी विचारलं, लेकींना का नाही देत. तर म्हणाली, मुली दोन, पोशाख एक. जिला देईन तिची दुसरी वैरीण होईल. तुमच्याकडे राहू दे, बघायला तरी दोघी मिळून येतील. आम्हाला सांगेन सांगेन म्हणत राहिली, आणि त्याच थंडीत गेली.

हे ऐकून आम्ही तिथेच जमिनीवर बसलो. तुझ्या आईने माझा हात धरला, तो बाहेर चहा येईपर्यंत सोडला नाही.

पोशाख काचेतून निघणार नाही, पण शेदलियाबाईंनी नक्षी उतरवायला परवानगी दिलीय. रोज दुपारी आम्ही कागद घेऊन बसतो, टाक्याटाक्यावर भांडतो, आणि पहारेकरी आम्हाला गप्प करतो. तुझा पोशाख तुझी आई आणि मी मिळून भरणार. डावी बाही माझी, तिथे तुझ्या आईला हात लावू देणार नाही.

बाबांना सांग, स्वयंपाक शिकून घ्या. ताईला मी इतक्यात सोडत नाही. तू मात्र आमच्यावर लोभ ठेव, दोघींवर सारखा.
तुझी वसीलामावशी