मागच्या खोलीतली दुधी भिंत

४ जानेवारी
बेकवाई गावी पोचलो. आमच्या टाकोराडी शहरात लोक मला घर सजवायला बोलावतात आणि रंगही मलाच निवडू देतात. इथं घरमालकीण आफ्राकोमा आंटींनी रंग आधीच आणून ठेवलाय. गर्द तपकिरी, अकरा डबे. बैठकीला, स्वयंपाकघराला, छतालासुद्धा! बाई निवृत्त शिक्षिका. हिच्या हाताखालच्या मुलांचं काय झालं असेल, देव जाणे. जेवण मात्र झकास होतं, फुफूचा मऊ गोळा आणि शेंगदाण्याचा रस्सा. हवा कोरडी आहे, रंग पटकन वाळेल.

५ जानेवारी
बैठकीची खोली झाली. कोकोच्या पोत्यात बसल्यासारखं वाटतं. कोपऱ्यात नखाएवढा ठिपका राहिला तर आंटी म्हणाल्या, "मास्टर, डोळे आहेत की बटणं?" मी सुचवलं, एक तरी भिंत दुधी करू, घर जरा माणसात येईल. त्यावर म्हणाल्या, कुणी येऊ नये म्हणूनच तपकिरी लावायचा. असली कोडी ऐकायला मी आलेलो नाही.

६ जानेवारी
आंटी बहिणीकडे कुमासीला गेल्या. मागच्या खोलीत त्यांचे यजमान बोआतेन पूर्वी वारले होते, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. तिथल्या जुन्या रंगाचे पोपडे निघालेत, ती भिंत आज संपव, असं बजावून गेल्या. संपवली. माझ्याजवळचा दुधी रंग लावून! परत येईल तेव्हा कळेल म्हातारीला, सजावट कशाला म्हणतात ते.

७ जानेवारी, सकाळ
दुधी भिंतीवर तपकिरी डाग. ओल म्हणावी तर या वाऱ्यात ओठ फुटताहेत. पाठ टेकून बसलेल्या माणसासारखा आकार आहे. खालचा भिकार रंग वर आलाय, दुसरं काय! घासला, दुधीचे दोन हात दिले.

दुपार
डाग परत आला. आता उभा आहे.

आंटींना फोन केला. त्या किंचाळल्याच. "दुधी? अरे गाढवा! तपकिरीत बोआतेनला आपलं अंग कुठं संपतं ते कळत नाही, म्हणून तो गप्प असतो. आता कळलं असेल. ब्रश टाक आणि नीघ तिथून! मी उद्या पहिल्या गाडीनं येते." शिकलेल्या बाईनं हे बोलावं! काम अर्धवट टाकून पळालो तर टाकोराडीत तोंड कसं दाखवू? उद्या तपकिरीचा हात देतो आणि विषय संपवतो.

८ जानेवारी
तपकिरी त्या जागी धरतच नाही. ओघळून खाली येतो. आकाराचा हात आता पुढे —

दहा वाजता
भिंत कोरी. स्वच्छ दुधी. हसूच आलं. मोठा आला होता घाबरवायला! दमून तिलाच टेकून बसलोय.

शर्ट चिकटलाय. शर्ट नाही — पाठ. ओढली तर —

खोलीत कुणीतरी चालतंय. डोक्यावर माझी टोपी. तपकिरीचा डबा उघडला. माझाच ब्रश —

फाटक वाजलं. आंटी. "मास्टर, आहेस का रे?" मी ओरडतोय, आवाजच — त्यानं ओ दिली. माझ्या आवाजात. म्हणाला, चहा टाका आंटी, एवढी भिंत संपवून आलोच.

तपकिरी गळ्यापर्यंत आला. उजवा हात अजून मोक