शालूच्या चटणीचं पृथक्करण

७ मार्च १९७६
बायको जाऊन पाच महिने झाले. बरणीत शालूची कांदा-लसूण चटणी चार बोटं उरली आहे. यंदाची मीच करणार. अठरा वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलेल्या माणसाला चटणी काय अवघड? कोणता वास कोणत्या वासाला धरून राहतो, एवढंच शोधायचं. शेजारच्या राहीबाई म्हणाल्या, "दाजी, काय लागलं तर हाक मारा." काही लागणार नाही.

१० मार्च
सांगलीच्या पेठेतून अकरा जिन्नस आणले. अकरा जिन्नस म्हणजे पंचावन्न जोड्या. तक्ता आखला. जोडी बशीत घ्यायची, हुंगायची, दहापैकी मार्क द्यायचे. लसूण-खोबरं ९. तीळ-खोबरं ८. मिरची-दगडफूल: मार्क देण्याआधी शिंक आली. बशी रिकामी.

१४ मार्च
लॅबमधल्या सिकंदरने तक्ता पाहिला. म्हणाला, "साहेब, पत्रिका जुळवताय व्हय? लसणाला किती स्थळं आली?" मी हसलो नाही. शास्त्रात चेष्टा चालत नाही.

१९ मार्च
बरणीतली तीन चमचे चटणी पाण्यात ढवळून फिल्टर पेपरातून गाळली. वर लाल चिखल, खाली लाल पाणी. निष्कर्ष: चटणी लाल आहे. नमुना टाकून द्यावा लागला. उद्या पुन्हा.

२३ मार्च
चाखून तुलना करणं आवश्यक. भाकरीशिवाय चव नीट कळत नाही आणि तेलाशिवाय चटणी भाकरीवर पसरत नाही. नमुना तीन भाकऱ्यांना पुरला. डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने.

२ एप्रिल
पहिली चटणी तयार. सर्वाधिक मार्कांच्या जोड्या घेतल्या होत्या. जोडीजोडीने सगळ्यांचं छान होतं. एकत्र आल्यावर लग्नातल्या व्याह्यांसारखे रुसले. उसातून साखर किती निघाली ते विचारावं तसं सिकंदर विचारत होता, "चटणीची रिकव्हरी किती पडली?"

११ एप्रिल
तिसरी चटणी. दुसरीबद्दल लिहिण्यासारखं नाही. ताडून पाहायला बरणी उघडली. रिकामी. सगळी नमुन्यांत गेली. खरवडून अर्धा चमचा निघाला. तो जपून ठेवायला हवा होता. खाल्ला.

१२ एप्रिल
तिसरी चटणी वाटीत घेऊन राहीबाईंकडे गेलो. मदत मागायला नाही. फक्त शालूच्या चटणीच्या किती जवळ आली, हे त्रयस्थाकडून कळावं म्हणून. त्यांनी बोट लावलं. तांब्याभर पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "दाजी, चुलीतला कोळसा कांडलाय का काय?"
मी म्हणालो, शालूची अशी नव्हती.
"शालूची कुठली? दोन वर्सं दम्यानं बेजार व्हती की ती. मिरचीचा खकाणा सोसंना. मीच कांडत हुते. ती आपली लांब वाऱ्याला बसून सांगायची, लसूण आनखी घाल, खोबरं करपवू नगंस, त्यांला आवडत न्हाई."
मी म्हणालो, मला काय आवडतं ते मी कधी बोललो नाही.
"बोलताय कशाला तुमी! ताटात काय उरतंय ते बघायची."
वाटी खाली ठेवली. मग म्हणालो, चटणी फार चांगली व्हायची. संसार बावीस वर्षांचा झाला. हे वाक्य आज पहिल्यांदा तोंडातून निघालं.
राहीबाई म्हणाल्या, "मला कशाला सांगताय?"